पांढऱ्या रंगाखालची शिंगे

मंगळवार, १० डिसेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वेळ अचूक सांगता येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी मी स्वतः लिहितो आणि तिच्यावर तारखेसोबत वेळही घालतो. ती चिठ्ठी अजून खिळ्याला आहे. तिच्यावर लिहिले आहे : 'गिटार, इलेक्ट्रिक, एक. रंग पांढरा. चेहरा काढणे.'

चेहऱ्याविषयी सांगतोच. आधी धंद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

नंदुरबारात मिरची वाळवण्याच्या पथारींच्या बाजूला माझे रंगकामाचे दुकान आहे. वडील फर्निचरला हाताने पॉलिश करीत. मी त्यांच्याकडे शिकलो, मग कपाटे रंगवली, मग मोटारी, आणि गेली चौदा वर्षे गिटारीही रंगवतो. जिल्ह्यात गिटार रंगवणारा मी एकटाच आहे. यात बढाई नाही. दुसऱ्या कोणाला तशी गरज वाटली नाही.

इलेक्ट्रिक गिटार पोकळ नसते. ती लाकडाची भरीव फळी असते. आवाज तारांखालच्या चुंबकांतून वायरीने बाहेर जातो. त्यामुळे रंगाने आवाज बदलतो की नाही, यावर गिऱ्हाईक माझ्याशी तासन्‌तास वाद घालतात. जाड रंगाखाली लाकडाला श्वास घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. लाकडाला श्वास घेताना मी तरी पाहिलेले नाही.

रंग मुख्यतः चार प्रकारचे. सर्वांत जुना चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या. त्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर चढवतात. झळाळी अशी की दुसऱ्या कशालाही येत नाही, पण गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. दुसरा एनसी लॅकर. हा थिनरमध्ये पातळ करून फवारणीच्या गनने मारतात. अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पातळ बसतो, आणि जुन्या नामांकित गिटारींवर हाच असतो म्हणून शौकीन याच्यासाठी जीव टाकतात. तिसरा पीयू. यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा द्रव, मिसळावा लागतो. टणक होतो, टिकतो, पण घासून चकचकीत करण्याआधी त्याला आठवडाभर हात लावू नये. चौथा पॉलिस्टर. तो कारखान्यातल्या स्वस्त गिटारींवर असतो, काचेसारखा जाड आणि काचेसारखाच हट्टी.

गिऱ्हाईकांचेही प्रकार आहेत, पण ते चारांत बसत नाहीत. कळसाडीचा एक बागायतदार आपल्या ट्रॅक्टरचे बॉनेट खोलून घेऊन आला होता. मुलाच्या गिटारीचा रंग तंतोतंत तसाच हवा, कारण ट्रॅक्टर आल्यापासून घरात बरकत आली, असे त्याचे मत होते. बॉनेट आठ दिवस माझ्याकडे राहिले आणि तो उघड्या इंजिनाने ऊस ओढत राहिला. लोणखेड्याच्या कॉलेजातल्या एकाने कोरी गिटार आणून ती पन्नास वर्षांची दिसली पाहिजे, असे सांगितले. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, वर केसासारख्या बारीक चिरा. मी उभा जन्म जुने नवे करण्यात घालवला होता. त्याला परत पाठवले. महिन्याने तो आनंदाने चिरा दाखवायला आला. एनसी लॅकरला एकदम थंडी लागली की तो तडकतो, हे त्याने कुठेतरी वाचले होते आणि गिटार मावशीच्या आईस्क्रीमच्या डीप फ्रीजमध्ये ठेवली होती. चिरा सुंदर आल्या होत्या. गिटारीची मानही वाकडी झाली होती. 

आता चेहरा.

त्या मंगळवारी सुनीता गावीत नावाची, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी गोधडीत गुंडाळलेली गिटार घेऊन आली. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीलगत तिचे गाव. दोन वर्षे तिने सुरतेला कापडाच्या दुकानात काम केले होते आणि तिथे ही गिटार कोणाकडून तरी जुनी घेतली होती. तिने गोधडी उघडली. काळ्या गिटारीवर, तारांच्या खाली, लालभडक चेहरा काढलेला होता. दोन शिंगे, तिरपे डोळे, दात, आणि एका बाजूला ओढलेले हसू. आधीच्या मालकाची हौस. काम चांगल्या हाताचे होते, हे मला मान्य करावे लागले.

तिची अडचण सरळ होती. ती तीन वर्षे घरात, आवाज न करता, एकटी सराव करीत होती. तिच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळच्या उपासनेला कीबोर्ड वाजवणारा एक जण होता. तो बटण दाबून दरवर्षी सर्व गीतांना एकच ठेका लावीत असे. या वर्षी तिला वाजवायचे होते. मंडळीच्या पंचांनी नकार दिला नव्हता. त्यांनी एवढेच सांगितले होते की हे थोबाड देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, येणार नाही. ते जाऊन गिटार पांढरी झाली, तर नाताळला वाजव; नाही तर कीबोर्ड आहेच.

"चाचा, पंचवीस तारखेपर्यंत होईल ना?" तिने विचारले.

मी होईल म्हणालो. पंधरा दिवस होते. पीयूला ते अपुरे पडले असते, म्हणून एनसी मारायचे ठरवले.

येथे मी पहिली चूक केली, आणि ती अज्ञानातून झालेली नाही. गिटार खरवडून लाकडापर्यंत न्यायला हवी होती. परंतु खाली पॉलिस्टरचा काळा थर इतका पक्का होता की तो काढायला दोन-तीन दिवस गेले असते. मी वरचे लाल घासून गुळगुळीत केले. चेहऱ्याचा ठसा तेवढा राहिला. पांढऱ्याखाली काय दिसणार आहे, असा विचार केला. तोवर माझी पत्नी दोनदा दुकानात येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा तिने ती गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. 

शुक्रवारी पांढऱ्याचे तीन हात मारले. शनिवारी सकाळी पाहतो तर पांढऱ्यावर गुलाबी झाक.

नंदुरबारात डिसेंबर महिन्यात कोणतीही वस्तू लाल झाली, तर माणूस एकाच गोष्टीवर संशय घेतो. गावाबाहेर एकरच्या एकर मिरची वाळत पडलेली असते. मजूर ती पावड्याने उलटतात, आणि वारा फिरला की निम्मे गाव शिंकते. माझा कॉम्प्रेसर मागच्या अंगणात असतो आणि अंगणाच्या कुंपणापलीकडे आत्माराम पाटील या व्यापाऱ्याची पथारी आहे. कॉम्प्रेसर तिकडची हवा ओढतो आणि गनमधून रंगाबरोबर फेकतो. मला वेगळा पुरावा नको होता.

मी कुंपणाशी गेलो आणि आत्मारामला सांगितले की त्याच्या मिरचीने माझे काम नासवले आहे. तो भला माणूस. तीस वर्षांचा शेजार. त्याने आधी मिरचीची बाजू मांडली, मग माझी मुद्रा पाहून मजुरांना थांबवले. त्या दुपारी माझा रंग मारून होईपर्यंत बारा माणसे पावडी टेकून सावलीत बसली. मी कॉम्प्रेसरच्या तोंडाला ओले मलमल बांधले, दारांना ओली पोती लावली, गुलाबी झालेला रंग पाण्याच्या पेपरने, म्हणजे ओल्या घासकागदाने, उतरवला आणि पुन्हा तीन हात मारले. पोत्यांच्या आत मी एकटा, तोंडाला फडके, आणि बाहेर बारा माणसे कुतूहलाने ऐकत होती.

रविवारी दुकान बंद असते. सोमवारी सकाळी मी दार उघडले तेव्हा आत्माराम माझ्या मागेच होता. मजुरांच्या वाया गेलेल्या दुपारचे काय झाले, हे पाहण्याचा त्याला अधिकार होता. मी गिटार उजेडात घेतली.

गुलाबी रंग पुन्हा आला होता, पण या वेळी तो पसरलेला नव्हता. पांढऱ्याशुभ्र रंगावर दोन नेमकी, डौलदार शिंगे उमटली होती. त्यांच्याखाली, फिकट पण ओळखू येण्याजोगे, एका बाजूला ओढलेले हसू.

आत्मारामने मान तिरकी करून ते पाहिले.

"चाचा," तो म्हणाला, "मन्ही मिरची शिंगं काढस का?"

मी नाही म्हणालो.

"आनि हसस का ती?"

मी त्याची माफी मागितली. मला ते काम येत नाही, त्यामुळे नीट झाले नसावे. तो संपूर्ण दिवस कुंपणापलीकडून शिंकेचा आवाज आला की पाठोपाठ बारा माणसांचे हसणे येत होते.

कारण आता स्पष्ट होते. काही लाल रंग थिनरमध्ये विरघळतात. असा लाल खाली असला आणि वर एनसी मारला, की एनसीतले थिनर खालच्या लालाला जागे करते आणि तो पांढऱ्यातून वर चढतो. मी जितके हात मारले, तितक्या वेळा त्याला स्वतःच वर बोलावले होते. ही गोष्ट मोटारींच्या कामात मी तरुणपणीच शिकलो होतो. लाल मोटार पांढरी करताना आम्ही ती आधी खरवडत असू. गिटार लहान, म्हणून मी ती क्षुल्लक समजलो.

खरवडायला आता वेळ उरला नव्हता. मध्ये असा थर हवा होता ज्यात थिनर नाही आणि ज्याला ओलांडून लाल वर येणार नाही. असा एकच थर मला माहीत आहे. वडिलांचा चपडा. त्यात स्पिरिट असते, आणि हा लाल स्पिरिटला दाद देत नव्हता. चिंधीवर घासून तेवढी खात्री करून घेतली. मी पांढरा पूर्ण उतरवला आणि मंगळवारी व बुधवारी मिळून बोळ्याने चपड्याचे पाच हात दिले. अकरा वर्षांनी बोळा हातात घेतला होता. मनगटाला सर्व आठवत होते, खांद्याला नव्हते.

चपड्याचा एक गुण सांगायचा राहिला. तो पारदर्शक असतो. आणि त्याच्याखाली जे असेल ते उजळते.

बुधवारी दुपारी चार वाजता, पाचवा हात ओला असताना, सुनीताच्या मंडळीचे मुख्य पंच शिमोन वळवी आणि त्यांच्यासोबत आणखी दोघे पंच पूर्वसूचना न देता दुकानात आले. वळवी हे निवृत्त शिक्षक. सर्व जण त्यांना गुरुजी म्हणतात. काही कामाने ते नंदुरबारला आले होते आणि जाता जाता प्रगती पाहावी, असा हेतू होता. मी गिटार झाकण्यासाठी फडके उचलले, पण ओल्या चपड्यावर फडके टाकणे माझ्याच्याने होईना.

तिघे समोर येऊन उभे राहिले. लाखेच्या सोनेरी झळाळीखाली शिंगे, डोळे, दात सर्व काही असे तळपत होते की सुरतेच्या चित्रकारानेही ते तसे कधी पाहिले नसेल. सोबतच्या एका पंचांनी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"मिस्त्री," गुरुजी अगदी शांतपणे म्हणाले, "आपण याला घालवायला घेतले होते, की उजळायला?"

मी त्यांना बाकावर बसवले, चहा मागवला आणि लाल, थिनर, स्पिरिट आणि चपडा यांचा सारा व्यवहार समजावून सांगितला. गुरुजींनी वर्गातल्या कच्च्या मुलाचे उत्तर ऐकावे तसे ऐकले. मग त्यांनी सांगितले की त्यांना मुलीच्या आड यायचे नाही, पण उपासनेत मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा दिसले तर पुढे कोणाही मुलीच्या हातात गिटार येणार नाही. एका वर्षाचा प्रश्न नव्हता.

तेव्हा मी शब्द दिला. कोणी मागितलेला नव्हता. मी म्हणालो, "नाताळच्या सकाळी शिंगाचे टोक जरी दिसले, तरी मी स्वतः ही गिटार दारातून परत नेईन."

ते गेल्यावर पत्नीने विचारले की हा शब्द स्वतःच्या नावाने दिला की त्या मुलीच्या. मी दुकानाच्या पुढच्या भागात निघून गेलो.

शुक्रवारी पांढरा मारला. या वेळी पहिले हात धुळीसारखे कोरडे आणि पातळ, म्हणजे थिनरला खाली उतरायला सवड मिळू नये. शनिवारी पांढरा पांढराच होता. रविवारी मी दुकान उघडून पाहिले, असे पूर्वी कधी केले नव्हते. पांढरा. सोमवारी घासून कंपाउंडने चमकवली; मंगळवारी तारांखालची प्लास्टिकची पट्टी, बटणे आणि तारा बसवल्या. आत्माराम येऊन पाहून गेला. त्याला थोडे वाईट वाटले, असे मला वाटते.

सुनीता मंगळवारी न्यायला येणार होती. मी तिला कळवले की मी स्वतः घेऊन येतो. शब्द दारात पाळायचा होता, दुकानात नव्हे.

नाताळच्या सकाळच्या गाडीने नवापूरला उतरलो, तिथून रिक्षाने गावात. उपासनेला पाऊण तास होता. देवळात लाल-हिरव्या पताका होत्या आणि कीबोर्डवाला आपले यंत्र आधीच लावून बसला होता. गिटार आली नाही तरी त्याची तयारी होती. सुनीता नवी साडी नेसून दारात उभी होती. तिने गिटार हातात घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली.  मग ती गिटार स्टँडवर ठेवायला निघाली.

स्टँडला रबराच्या नळ्या होत्या. मी तिला थांबवले. एनसी आणि रबर यांचे जमत नाही. रबरातले तेल ताज्या रंगात उतरते, रंग मऊ पडतो, आणि गिटार उचलली की रबराचा छाप रंगासकट निघून येतो. कोणीतरी सुती रुमाल दिले. मी खाली बसून नळ्यांना ते गुंडाळले, गिटार हळू टेकवली, आणि नेमका त्या वेळी पूर्वेच्या खिडकीतला उजेड तिच्यावर पडला.

प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेला, एका स्क्रूच्या शेजारी, मोहरीच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका होता.

कारण मला तिथेच कळले. त्या कडेला, स्क्रूच्या भोकाभोवती, बोळा नीट पोचला नव्हता. डाव्या शिंगाचे टोक बरोबर तिथे येत होते.

ठिपका मला दिसला, कारण तो कुठे शोधायचा हे मला ठाऊक होते. चार हातांवरून तो कोणालाही दिसला नसता. सुनीता वायर जोडत होती. तीन वर्षे तिने वायर न जोडता वाजवले होते. गप्प राहणे शक्य होते, आणि मी साधारण एक मिनिट गप्प राहिलो, हेही नोंदवतो.

मग मी गुरुजींना बोलावले आणि बोट ठेवून ठिपका दाखवला. सुनीताने ते पाहिले. तिने वायर हातातून खाली ठेवली.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून पाहिले.

"हे तुम्ही दाखवले नसते तर मला दिसले असते का?"

"नाही."

"मग दाखवले का?"

"शब्द दिला होता."

ते सरळ उभे राहिले.  कीबोर्डवाल्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले.

"तुमचा शब्द शिंगाच्या टोकाविषयी होता," गुरुजी म्हणाले. "टोक म्हणजे त्याला निमुळतेपणा हवा. हा ठिपका आहे. ठिपक्याविषयी आपले काही बोलणे झालेले नाही." मग सुनीताकडे वळून, "वेळ घालवू नको. तारा जुळव."

मी त्यांना सांगितले की हा ठिपका वाढेल. त्यांनी विचारले की आज दुपारपर्यंत वाढणार आहे का. मी नाही म्हणालो. आम्हा दोघांतला तो विषय संपला.

मला सुरांतले कळत नाही, त्यामुळे तिने कसे वाजवले हे मी लिहीत नाही. पहिल्या गीतात दोन ठिकाणी बोट चुकले, असे तिने नंतर स्वतः सांगितले. ते कोणाच्या लक्षात येणे अवघड होते, कारण निम्मी मंडळी माना उंच करून शिंगे शोधत होती. मागच्या बाकावरच्या एक वृद्ध बाई तर खास पुढे येऊन बसल्या, गीतभर त्यांनी गिटारीकडे निरखून पाहिले, आणि काही न सापडल्याने किंचित नाराज होऊन मागे गेल्या. दुसऱ्या गीताला कोणी शोधले नाही. तिसऱ्याला कीबोर्डवाल्याने आपला ठेका बंद केला आणि तिच्यामागे वाजवू लागला. मी भिंतीशी उभा होतो. बसायला जागा होती, पण उभे राहून ठिपका नीट दिसत होता. तो वाढला नाही.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. निघताना सुनीता रिक्षापर्यंत आली. पाया पडण्याच्या बेतात होती; मी तिला थांबवून सांगितले की जानेवारीत गिटार परत आण, पट्टी काढून कडेचे काम पुन्हा करावे लागेल. दोष माझा आहे.

"परत आणली आणि तुम्ही ठेवूनच घेतली तर?" ती म्हणाली.

मी म्हणालो की आमच्या घरात ती भिंतीकडे तोंड करून राहील.

चारच्या गाडीने नंदुरबारला परतलो. घरी जाण्याआधी दुकान उघडले. चपड्याची बरणी रिकामी झाली होती. चकत्या विरघळायला वेळ लागतो, म्हणून पाव किलो चपडा मोजून स्पिरिटमध्ये भिजत घातला, लाकडी काडीने ढवळला आणि झाकण घट्ट लावले.